नाताळ: जन्म कोणाचा?

'नाताळ' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो पोर्तुगीज आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. मूळ 'नाताल', त्यामागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा, जन्मदिवसाचा. पाव, चावी, पाद्री यांच्या संगतीने तो आला आणि 'ल'चा 'ळ' होऊन इथलाच झाला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. फिरंगी गेले, शब्द राहिला. इंग्रजी 'ख्रिसमस'मध्ये ख्रिस्ताचं नाव आहे आणि त्याची मिस्साही. 'नाताळ'मध्ये नुसता जन्म आहे. कोणाचा, हे शब्द सांगत नाही.

हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो, आणि तो जुनाच आहे. इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात २५ डिसेंबरला 'नातालिस इन्विक्ती', अजिंक्याचा जन्मदिवस, अशी नोंद सापडते. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात हुतात्म्यांच्या यादीत, त्याच तारखेला, ख्रिस्त बेथलेहेमात जन्मल्याचं लिहिलं आहे. कोणी कोणाची तारीख घेतली, हा वाद अजून मिटलेला नाही. चर्चने तर हुतात्म्याच्या मृत्युदिनालाही 'नातालिस'च म्हटलं, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला. शिवाय 'नातालिस' ज्यावरून आला, त्या लॅटिन 'नातुस'चं (जन्मलेला) जुनं रूप 'ग्नातुस'. आपले 'जात' आणि 'जन्म' त्याच कुळातले. तेव्हा नाताळ आणि जन्माष्टमी शब्दांच्या वंशावळीत भाऊबंदच ठरतात.

सगळ्या ख्रिस्ती लोकांना हा सण मान्य होता असंही नाही. बायबलात तारीख नाही, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांनी, १६५९ मध्ये तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. कायदा उठला १६८१ ला. त्याच परंपरेतून आलेले अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे अहमदनगरला गेले. तरी नगरच्या प्रॉटेस्टंट घरांत आज पोर्तुगीज कॅथलिकांचाच 'नाताळ' बोलला जातो. हिंदीतला 'बडा दिन' मराठीत रुजला नाही.

गोव्यात गणपतीच्या चवथीला हिंदूंकडे होणारी नेवरी, म्हणजे करंजी, नाताळात ख्रिस्ती घरांत तळली जाते आणि ताटातून शेजारी हिंदूंकडे पोचते. इतर कितीतरी मराठी घरांत नाताळ म्हणजे शाळेची सुट्टी, बस्स. त्या अर्थालाही मी कमी लेखणार नाही. जे येशूला देव मानत नाहीत, त्यांच्या मुलांनीही हा शब्द आपला म्हणून वापरला, तो त्या सुट्टीमुळेच.