कपाटातले नऊ मृत्यू

१९९३ साली हृदयरोगाच्या एका नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. तो वाचताना मी आकड्यांआधी तारखेपाशीच अडखळलो. त्यातली चाचणी झाली होती १९८०मध्ये. मधली तेरा वर्षं ती कुणी वाचलीच नव्हती.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक आलेल्या शंभरेक रुग्णांवर ‘लॉरकेनाइड’ हे औषध तपासलं होतं. त्यानं अनियमित ठोके कमी झाले, पण ते घेणाऱ्यांपैकी ९ जण दगावले. ज्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्यातला १. डॉक्टरांना वाटलं, योगायोग असेल. पुढे व्यावसायिक कारणांनी औषध बारगळलं आणि निकालही कपाटात गेले. कुणी खोटं बोललं नाही. फक्त कुणी सांगितलं नाही.

दरम्यान याच जातीची दुसरी औषधं रुग्णांना दिली जात होती. तर्क सरळ होता : अटॅकनंतर अनियमित ठोके धोक्याचे, तर ते दाबा, माणूस वाचेल. अखेर अमेरिकेत ‘कास्ट’ ही मोठी चाचणी झाली आणि १९८९मध्ये त्यातली दोन औषधं अर्ध्यातच थांबवावी लागली. १९९१ला छापलेला हिशोब असा : औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, दिखाऊ गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी नंतर स्वतःच कबूल केलं, की त्यांचे निकाल वेळेवर आले असते तर लोक आधीच सावध झाले असते.

यावरचा उपाय साधा आहे. पहिला रुग्ण घेण्याआधीच चाचणीची जाहीर नोंद करायची, म्हणजे निकाल दडला तर निदान रिकामी जागा तरी दिसते. अमेरिकेची नोंदवही २००० साली खुली झाली, भारताची २००७मध्ये. २००९पासून आपल्याकडे औषधचाचण्यांची नोंद सक्तीची आहे.

ही नोंदवही तुमच्या फोनवरही उघडते. मी अधूनमधून ती चाळतो. काही नोंदींत चाचणी संपल्याची तारीख असते, पण निकाल कुठे छापला त्या रकान्यात काहीच नसतं. तिथे मला ते नऊ जण आठवतात. त्यांच्या मरणातून इतरांना शिकता आलं असतं. ते शिकायला जगाला तेरा वर्षं लागली, आणि तोवर तोच धडा इतरांच्या जिवावर पुन्हा गिरवून झाला होता.