खोड हार्डवेअरची, पण दुरुस्ती कुठे लिहायची?

गेल्या मे महिन्यात मी इथं संभाजीनगरला मातीच्या तापमानाची नोंद घेत होतो. सेन्सरचा कोड आधीच्या विद्यार्थ्याकडून आलेला. त्यात एक ओळ होती: पहिलं रीडिंग टाकून द्या. का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मला ती फालतू वाटली, काढून टाकली. तो सेन्सर प्रत्येक वेळी जागा झाला की पहिलं रीडिंग चुकीचं देतो, आणि आम्ही तासाला एकच रीडिंग घ्यायचो. तीन आठवड्यांचा डेटा गेला. मे महिना आता पुढच्या वर्षीच.

हाच प्रश्न लिनक्स कर्नल लिहिणाऱ्यांना सुरुवातीपासून छळतोय. हार्डवेअर एकदा विकलं गेलं की त्यातली चूक सहसा सॉफ्टवेअरलाच सांभाळून घ्यावी लागते. पण तो इलाज ठेवायचा कुठे?

1994 मध्ये थॉमस नाइसली या गणितज्ञाला पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकताना सापडला. चिपमधल्या तक्त्यात काही नोंदी राहून गेल्या होत्या. ही चूक कुठल्याही प्रोग्रामला नडू शकते, म्हणून तिची तपासणी ड्रायव्हरमध्ये नाही, तर प्रोसेसरच्या कोडमध्ये आली. कर्नल सुरू होताना 4195835 ला 3145727 ने भागून बघायचा आणि दोष असेल तर तशी नोंद दाखवायचा.

त्याच काळात सीएमडी 640 ही हार्ड डिस्क जोडणारी चिप होती. तिचे दोन्ही चॅनेल एकाच वेळी वापरले तर डेटा बिघडायचा. इथं त्रास त्या एकाच चिपपुरता, म्हणून इलाजही तिच्याच ड्रायव्हरमध्ये: एका वेळी एकच चॅनेल चालवायचा.

मधली परिस्थिती जास्त अवघड. मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये खोट असेल तर तिच्यामागची अनेक उपकरणं अडचणीत येतात. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तोच इलाज लिहिला तर कुणीतरी विसरणारच. म्हणून पीसीआय विभागात ‘क्वर्क्स’ नावाची वेगळी फाइल झाली. तिच्यावर मार्टिन मारेश यांचं नाव आणि 1999 हे साल आहे. तिथले बरेच इलाज ड्रायव्हर कामाला लागण्याआधीच चालतात. गंमत म्हणजे फाइलच्या सुरुवातीलाच सूचना आहे की यूएसबी कंट्रोलर सुरू करतानाचे इलाज इथं नकोत, यूएसबीच्या फाइलमध्ये टाका, म्हणजे त्यांच्या ड्रायव्हरना ते वापरता येतील.

यूएसबी पेन ड्राइव्हसारख्या साधनांसाठी तर सरळ तक्ताच आहे. कंपनीचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक, कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीपर्यंत, आणि काय वेगळं करायचं. नवी ओळ घालायची तर उपकरणाची माहिती आणि पुरावा जोडावा लागतो. आवृत्तीची मर्यादा महत्त्वाची, कारण कंपनीने पुढच्या मॉडेलमध्ये दोष काढला तर इलाज उगाच लागू नये.

म्हणजे नियम असा दिसतो: खोडीचा त्रास जिथपर्यंत पोचतो, इलाज त्या पातळीवर ठेवायचा, वरही नको, खालीही नको.

आता माझ्या डेटाच्या फोल्डरमध्ये एक तक्ता आहे: सेन्सर क्रमांक, खोड, कशावरून कळली, कधीपासून कधीपर्यंत. कोड दुरुस्ती तिथूनच उचलतो. तुमच्या हातात कुणाचा जुना कोड आला आणि त्यात न समजणारी ओळ दिसली, तर पुसायच्या आधी ती ज्याने लिहिली त्याला एक फोन करा.