‘बरं होणं’ कोणी ठरवायचं?

आज आपण दोन साध्या शब्दांचा इतिहास पाहणार आहोत : ‘बरं होणं’.

नाशिककरांना हा इतिहास परका नाही. ‘हवापालटासाठी देवळालीला’ हे आपण घरोघरी ऐकलंय. मुंबईच्या पारशी आणि गुजराती मंडळींनी तिथे सॅनटोरियमं बांधली. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा कोरडी हवा, विश्रांती आणि सकस आहार, एवढाच इलाज होता. ताप उतरला, वजन वाढलं, की प्रगती!

इंग्लंडमध्ये फ्रिमलीच्या सॅनटोरियममध्ये डॉ. मार्कस पॅटरसन यांनी १९०५ पासून वेगळी वाट धरली. रुग्णांना आधी चालायला लावलं, मग टोपल्या वाहायला, मग फावडं हाती दिलं. आजच्या फुप्फुस-पुनर्वसनाचं एक मूळ इथे सापडतं. पण किती ओझं, केव्हा, हे ठरवायचे डॉक्टरच.

मग १९५६ साली मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. १९३ क्षयरुग्णांपैकी काहींना सॅनटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरीच गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष आला : दोन्हीकडे गुण जवळजवळ सारखाच. उपचार घरी आले, हे फार मोठं काम झालं. पण गोळ्यांबरोबर व्यायाम काही घरी आला नाही.

जंतू मेले तरी फुप्फुसावरचे व्रण राहू शकतात. कागदावर ‘बरा’ झालेला माणूस जिन्यात धापा टाकत थांबतो. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या बाईला तर विडीला हात न लावताही सीओपीडी होऊ शकतो.

आता पुनर्वसनात सहा मिनिटांत किती मीटर चाललात, हे मोजतात. मोजायलाच हवं. पण एखाद्या आजींना मीटरशी काय देणंघेणं? त्यांना गोदाघाटाच्या पायऱ्या उतरून, कुणाचा हात न धरता, परत वर यायचं असेल.

नुसतं ‘काय हवंय?’ विचारूनही भागत नाही, बरं का. ‘वय झालं, दम लागणारच’ असं म्हणत आपली माणसं हळूहळू घराबाहेर पडणंच सोडतात. मग मागणंही आक्रसतं. म्हणून विचारायचं असं : पूर्वी काय करत होतात, जे आता सोडलंत?

शंभर वर्षं आपण रुग्णाचं वजन, ताप, थुंकी तपासली. हा प्रश्न मात्र उशिरा विचारतोय.