नवजात त्वचारक्षणाचा इतिहास

नवजात अर्भकाच्या त्वचेस संसर्गापासून वाचविण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा, आणि ती त्वचा बाहेरील पदार्थांस कितपत अडवू शकते याविषयी त्यांतून मिळालेल्या ज्ञानाचा इतिहास. हे ज्ञान बरेचसे अपघातांतून आले.

प्राग येथे अनाथ अर्भकांवर उपचार करणारे रिटर फोन रिटर्सहाइन यांनी इ. स. १८७८ मध्ये २९७ रुग्णांवरून एका विकाराचे वर्णन केले. त्यात भाजल्यासारखी लाल झालेली त्वचा पापुद्र्यांनी सुटून येते. पुंजगोलाणूंचे विष हे त्याचे कारण असल्याचे मेलिश व ग्लासगो यांनी १९७० मध्ये दाखविले. ते विष बाह्यत्वचेच्या कोशिकांना (पेशींना) एकमेकींशी जखडणारे प्रथिन तोडते, हे २००० मध्ये सिद्ध झाले. अर्भकाच्या त्वचेतून विषारी द्रव्य आत शिरते, याची सूचनाही जुनीच आहे. लंगोटांवर खुणेसाठी वापरलेल्या ॲनिलीनयुक्त शाईमुळे अर्भके निळी पडल्याचे रेनर यांनी १८८६ मध्ये नोंदविले होते. पुढे तिचा पुरेसा विचार झाला नाही.

प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्यावर एकत्र ठेवलेल्या अर्भकांत, विशेषतः १९५० नंतर, पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या पुंजगोलाणूंच्या साथी पसरल्या. यावर हेक्झाक्लोरोफीन या जंतुनाशकाच्या ३ टक्के पायसाने सर्वांगस्नान घालण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. पूयुक्त फोड कमी झाले, त्यामुळे तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण कोणास दिसले नाही. १९७१ मध्ये मात्र या द्रव्याने उंदरांच्या मेंदूतील श्वेतद्रव्यात पोकळ्या पडतात असे आढळले. त्याच वर्षाअखेर अमेरिकेत अर्भकांना असे नित्य स्नान न घालण्याचा सल्ला देण्यात आला. तो पाळताच काही रुग्णालयांत पुंजगोलाणूंचे संसर्ग पुन्हा वाढले, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका बालभुकटीत हे द्रव्य चुकून ६·३ टक्के मिसळले गेले. २०४ मुले आजारी पडली व त्यांपैकी ३६ दगावली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या मुक्त विक्रीवर निर्बंध आले. पुढील शवपरीक्षांत मेंदूतील असे बदल मुख्यतः १,४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या, वारंवार स्नान घातलेल्या अर्भकांत दिसले.

याचे कारण त्वचेच्या घडणीत आहे. बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा, निर्जीव कोशिकांचा शृंगस्तर गर्भावस्थेच्या सुमारे चौतिसाव्या आठवड्यापर्यंत कार्यक्षम होत नाही. पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेल्या अर्भकाच्या त्वचेतून पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या सुमारे पंधरापट पाणी बाष्परूपाने निघून जाते, असे स्वीडनमध्ये हामारलुंड व सेदीन यांनी १९७९ मध्ये मोजून दाखविले. जी त्वचा पाणी आत राखू शकत नाही, ती बाहेरचे द्रव्यही रोखू शकत नाही. शिवाय वजनाच्या मानाने अर्भकाचे त्वचाक्षेत्र प्रौढाच्या दुपटीहून अधिक असल्याने शोषलेली मात्राही मोठी ठरते.

यानंतर त्वचा घासून स्वच्छ करण्याऐवजी तिचा थर राखण्यावर भर आला. जन्मतः अंगावर असलेला पांढरा स्निग्ध लेप पुसून काढू नये व पहिले स्नान २४ तास लांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ढाका येथे अकाली जन्मलेल्या अर्भकांना सूर्यफुलाचे तेल लावल्याने रुग्णालयात होणारे संसर्ग घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवसांच्या निरोगी अर्भकांना रोज स्निग्ध लेप लावून इसब टाळता येईल ही आशा मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत फोल ठरली.