पितळी गंज आणि यकृतातल्या कच्च्या पेशी

यकृताच्या जुनाट आजारात बायोप्सीच्या स्लाइडवर एक दृश्य वारंवार दिसतं. पोर्टल भागाच्या कडेला लहान, लांबट पेशींच्या वेड्यावाकड्या रांगा. धड पित्तनलिकेच्या नाहीत, धड यकृतपेशीही नाहीत. याला डक्ट्युलर रिअॅक्शन म्हणतात. एवढं लिहिलं की परीक्षेत मार्क मिळतात, पण या पेशी तिथं नेमकं करतात काय, हा वाद साठ वर्षं चालला.

१९५६ साली फार्बर यांनी कर्करोगकारक रसायनं दिलेल्या उंदरांत अशा पेशींना 'ओव्हल सेल' हे नाव दिलं. १९५८ मध्ये विल्सन आणि लेडक यांनी मांडलं की, आहारामुळे बिघडलेलं यकृत सावरताना नव्या यकृतपेशी बारीक पित्तनलिकांतून येतात. म्हणजे या दुरुस्ती करणाऱ्या पेशी? दुसरी बाजू म्हणायची, जिथं या दिसतात तिथंच तर व्रणतंतू वाढतात. स्लाइड म्हणजे थांबवलेलं चित्र. त्यात पेशी कुठून कुठं चालली आहे हे कळत नाही, त्यामुळे दोन्ही पक्ष तीच स्लाइड दाखवून भांडू शकत होते.

आता आपल्याकडे या. इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस या आजारात साधारण सहा महिने ते चार वर्षांची मुलं दगावायची. पोट फुगायचं, यकृत कडक व्हायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत सगळं संपायचं. १९७८ मध्ये ऑर्सीन नावाच्या रंगानं या यकृतांत तांब्याशी जोडलेलं प्रथिन दिसलं. कोरड्या यकृताच्या ग्रॅममागे तांबं सहसा ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं, इथं ते अनेकदा हजारावर जायचं. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले शीला भावे, आनंद पंडित आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना साधा प्रश्न विचारला: बाळाचं वरचं दूध कशात तापवता, कशात ठेवता? उत्तर होतं तांब्या-पितळेची भांडी. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ही मांडणी आली. आमच्या शेलूबाजारकडे ज्याला गंज म्हणतात तो पितळेचा असेल आणि कल्हई उडालेली असेल, तर दुधातलं केसीन तांबं धरून ठेवतं. सगळ्यांना हे पटलं नाही. तीच भांडी वापरणाऱ्या घरांतली बरीच मुलं ठणठणीत होती, म्हणून आनुवंशिक कारणही असावं असं म्हटलं गेलं. तरी स्टील आलं, पितळ माळ्यावर गेलं आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पेनिसिलामाइन वेळेवर मिळालेली काही मुलं वाचली. पुण्याच्या गटानं १९९६ मध्ये त्यांचा दीर्घ पाठपुरावा छापला. काहींच्या नंतरच्या बायोप्सीत यकृत जवळपास नॉर्मल दिसत होतं! आणि हा तर असा आजार, ज्यात यकृतपेशींची पुनर्निर्मिती अगदी तुटपुंजी असते. मग यकृत पुन्हा बांधलं कुणी?

उंदरांत पेशींवर जनुकीय खूण करून त्यांची संतती शोधणं जमल्यावर वाद बराच निवळला. साध्या इजेत यकृतपेशी स्वतःच दुणावतात, पित्तनलिकेच्या पेशींचा वाटा नगण्य. पण २०१७ मध्ये एडिनबरोच्या गटानं यकृतपेशींचं विभाजन रोखून इजा केली, तेव्हा पित्तनलिकेच्या पेशींतून नव्या यकृतपेशी तयार झाल्या. म्हणजे या राखीव फळीतल्या पेशी, मुख्य फळी थकल्यावर पुढे येणाऱ्या. तांब्यानं यकृतपेशी जखडल्या असतील तर त्या मुलांतही हेच घडलं असावं, हा माझा तर्क.

माणसात खूण करता येत नाही. पण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये आपोआप होणारे बदल नैसर्गिक खूण म्हणून वापरता येतात. २०१० मध्ये त्यावरून दाखवलं गेलं की, सिऱ्होसिसमधल्या काही गाठी आणि शेजारची डक्ट्युलर रिअॅक्शन एकाच पेशीची संतती असतात. अडचण एकच. हे बदल वयानुसार साठतात, आणि आपले रुग्ण होते दोन-अडीच वर्षांचे.