मतदार, मतदाता आणि काशीचे क्षेत्र

काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दूधविनायक हा त्यांतलाच एक मोहल्ला. इथला मराठी माणूस घरात ‘मतदार’ असतो आणि दाराबाहेर पाऊल टाकले की ‘मतदाता’ होतो. यादी तीच, हक्कही तोच. हिंदीने त्याला देणारा ठरवले, मराठीने बाळगणारा. मतदारातला ‘दार’ हा जमीनदार, इनामदार, हक्कदार यांच्यातला फारसी ‘दार’. संस्कृत ‘मता’ला फारसी शेपूट कसे, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की हा ‘दार’ आणि संस्कृतातला ‘धृ’ धातू हे मुळात सख्खे भाऊ आहेत. भाषाशुद्धीच्या चळवळीतूनही हा शब्द सुखरूप सुटला, ते बरेच झाले.

खरी गंमत पुढच्या शब्दात आहे. मराठीत ‘मतदारसंघ’, हिंदीत ‘निर्वाचन क्षेत्र’. एकात माणसे, दुसऱ्यात जमीन. त्यातून काशीत ‘क्षेत्र’ म्हटले की मराठी कानाला निवडणूक ऐकूच येत नाही. श्रीक्षेत्र काशी, क्षेत्रोपाध्ये, काशीची वेस पुन्हा ओलांडायची नाही असा क्षेत्रसंन्यास हेच आधी आठवते. ‘निर्वाचन’ही शास्त्र्यांच्या मोहल्ल्यात जरा बिचकूनच यावे. त्याचा जुळा वाटणारा ‘निर्वचन’ म्हणजे शब्दाची व्युत्पत्ती, यास्काचे काम.

आज ‘मतदारसंघ’ आणि ‘निर्वाचन क्षेत्र’ या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: नकाशावर रेघ मारून वेगळा काढलेला भाग. पण 1920 साली मर्यादित मताधिकारावर प्रांतिक कौन्सिलच्या निवडणुका झाल्या, तेव्हा नकाशा पुरेसा नव्हता. संयुक्त प्रांताच्या कौन्सिलसाठी बनारस शहर हा एक शहरी मतदारसंघ होता, पण तो सगळ्या शहराचा नव्हता. तो ‘बिगर-मुसलमान’ मतदारांचा होता. त्याच गल्ल्यांतल्या मुसलमान मतदाराचे नाव वेगळ्या यादीत, आणि त्याच्या मतदारसंघात बनारसबरोबर अलाहाबादही जोडलेले. भिंतीला भिंत लागून राहणारे दोघे शेजारी दोन वेगळ्या संघांत, आणि त्यांतल्या एकाच्या संघातले मतदार सव्वाशे किलोमीटरवर. याला ‘क्षेत्र’ कोणत्या तोंडाने म्हणायचे? दूधविनायकचा वेदमूर्ती सरकारी कागदावर काय होता, तर ‘बिगर’. फारसीतल्या ‘ब-गैर’वरून मराठीत आलेला हा शब्द. स्वतः कोण आहे ते न सांगता कोण नाही एवढेच सांगून ओळख पटवायची, हा शोध साहेबाचा.

मुंबई इलाख्यातही तेच. शिवाय तिथे मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. 1935च्या कायद्याने मुंबई विधानसभेला 175 जागा मिळाल्या आणि संयुक्त प्रांताच्या विधानसभेला 228. पैकी संयुक्त प्रांतात 64 मुसलमानांच्या, 6 जमीनदारांच्या, 3 व्यापार-उद्योगाच्या, 3 मजुरांच्या, एक विद्यापीठाची. जमीनदारांच्या मतदारसंघात ‘क्षेत्र’ शोधायचे, तर ते त्यांच्या सातबाऱ्यात. बाकी सगळे संघच.

मराठीने हे बरोबर पकडले होते. म्हणून पुणे कराराच्या, म्हणजे सप्टेंबर 1932च्या, चर्चेत ‘विभक्त मतदारसंघ’, ‘संयुक्त मतदारसंघ’ असे शब्द येतात. तिथे मतदारसंघ म्हणजे गाव-तालुका नव्हे, तर मत देणाऱ्यांचा गट. इंग्रजी या दोन गोष्टींना दोन शब्द ठेवते. मराठीने एकातच भागवले. ही काटकसर गैरसोयीची आहे, हे कबूल. आजच्या विद्यार्थ्याला आंबेडकरांची ‘स्वतंत्र मतदारसंघा’ची मागणी वाचताना वाटते, त्यांना एखादा वेगळा तालुका हवा होता.

‘संघ’ शब्दाला मात्र मतदान नवे नाही. सम् आणि हन् यांपासून तो ‘गण’ या अर्थी सिद्ध होतो, अशी सोय पाणिनीने एका सूत्रात करून ठेवली आहे. दूधविनायकहून काही कोसांवर सारनाथ. तिथे बुद्धाच्या पहिल्या भिक्षूंचा संघ झाला. त्या संघात वाद मिटेना तर शलाका वाटून बहुमत मोजायची रीत विनयपिटकात सांगितली आहे. शलाका वाटणारा भिक्षू वेगळा नेमलेला असे. आजारी भिक्षू सभेला येऊ शकला नाही, तर तो आपली संमती दुसऱ्यामार्फत कळवी. तिला पालीत ‘छन्द’ म्हणत. आपल्याकडे छंद पतंगाचा आणि टपाल-तिकिटांचा उरला.

काशीच्या मराठी माणसाने हिंदीच्या शब्दांतही हात घातला आहे. बाबूराव विष्णु पराडकर (1883–1955) काशीतच जन्मलेले. शिवप्रसाद गुप्तांनी 1920 साली काढलेल्या ‘आज’ दैनिकाचे ते संपादक. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ हे शब्द हिंदीत रुजवण्याचे श्रेय त्यांना देतात. ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. तेही मराठी, आणि लिहिले बंगालीत. ‘आज’शीच संबंध असलेले संपूर्णानंद पुढे बनारस शहर दक्षिण या मतदारसंघातून निवडून आले आणि 1954च्या अखेरीस मुख्यमंत्री झाले. 24 मे 1956ला शहराचे अधिकृत नाव वाराणसी झाले आणि मतदारसंघाच्या नावातला बनारसही गेला. ‘दक्षिण’ राहिले. उत्तरेत मराठी माणसाला पूर्वी ‘दक्षिणी’ म्हणत, तेव्हा दूधविनायककरांना ते परके वाटू नये.

संविधानाच्या 325व्या कलमाने धर्म, जात, लिंग यांवरच्या वेगळ्या याद्या बंद केल्या. एका भागाची एकच यादी. क्षेत्र जिंकले. जुन्या प्रांतिक तऱ्हेचे संघ तगले ते विधानपरिषदेत: महाराष्ट्रात पदवीधरांचे सात आणि शिक्षकांचे सात, उत्तर प्रदेशात आठ-आठ. मराठीत तो ‘पदवीधर मतदारसंघ’, म्हणजे पुन्हा धरणारेच. हिंदीत ‘स्नातक’, न्हालेला. गंगेकाठी तेच शोभते.