घरगुती संगणकाची निगा

घरातील संगणक सुरक्षित ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कार्यप्रणालीच्या सुधारणा वेळेवर बसवणे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांमधील फाईली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती दूर करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच प्रसृत केली होती. त्याच त्रुटीचा लाभ घेणाऱ्या दुसऱ्या विषाणूमुळे २७ जून २०१७ रोजी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

जुन्या प्रणालींना अशा सुधारणा कायम मिळत नाहीत. 'विंडोज १०'चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.

संगणक मंदावल्यास प्रथम तो सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत आणि डिस्कवर मोकळी जागा ठेवावी. पंख्यात साचलेली धूळ काढावी. अतिउष्ण झालेला प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो. एकाच वेळी दोन अँटीव्हायरस चालवू नयेत. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास वेगात लक्षणीय फरक पडतो.

महत्त्वाच्या फाईलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क एरवी संगणकाला जोडून ठेवू नये, कारण जोडलेल्या डिस्कवरील फाईलीही विषाणू कुलूपबंद करू शकतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राने विषाणू शोधून काढणारी साधने नागरिकांना विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.